प्रिंटच्या पाठीमागचं नाव

अमेरिकेतल्या बऱ्याच गावांत एक कॅमेरा क्लब असतो. चर्चचा हॉल किंवा लायब्ररीची मागची खोली, महिन्यातून एक-दोन संध्याकाळी, घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीचा थर्मास आणि कुणीतरी घरून करून आणलेली बिस्किटं. सभासद बहुतेक निवृत्त. अध्यक्ष, खजिनदार, मानपान, रुसवेफुगवे, सगळं अगदी आपल्या भजनी मंडळासारखं. फक्त इथे भजनाच्या जागी स्पर्धा असते. महिन्याची स्पर्धा, वर्षाची स्पर्धा, शेजारच्या क्लबाशी स्पर्धा.

मी सिअ‍ॅटलच्या आसपासच्या अशा एक-दोन क्लबांत अधूनमधून परीक्षक म्हणून जातो. डिजिटल प्रतिमांमधला नॉइज कमी करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे याला फोटोतलं कळत असणार असा लोकांचा समज झालेला आहे, आणि तो दूर करण्याची घाई मलाही नाही. (पीएचडीचा याहून जास्त उपयोग अजून तरी झालेला नाही!)

पद्धत साधारण अशी. दिवे मालवतात. पडद्यावर फोटो येतो. एक जण शीर्षक वाचतो, फक्त शीर्षक. फोटो कुणाचा ते सांगायचं नाही. तीन परीक्षक पहिल्या रांगेत, हातात छोटं यंत्र, प्रत्येकाने १ ते ५ मार्क द्यायचे, बेरीज पंधरापैकी. प्रत्येक क्लबाची मोजपट्टी वेगळी, पण नाव न वाचण्याचा नियम मला सगळीकडे दिसला. सुरुवातीला चार-पाच फोटो नुसते सरावासाठी दाखवतात, म्हणजे हात बसतो. इंजिनिअरच्या भाषेत कॅलिब्रेशन. तरीही तासाभराने सगळ्यांचे मार्क ३ आणि ४ मध्येच घुटमळायला लागतात. १ द्यायला जीव होत नाही, कारण ज्याचा फोटो आहे तो याच अंधारात आपल्या मागे तिसऱ्या रांगेत श्वास रोखून बसलेला असतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. पडद्यावर पिवळाधमक फोटो आला. जेजुरी! भंडाऱ्याचा ढग, त्यात हात वर केलेली माणसं, मागे दीपमाळा. माझ्या दोन्ही बाजूच्या परीक्षकांनी ५ आणि ५ दिले. मी ३. नंतर बोलायची पाळी आली तेव्हा एका परीक्षकबाई म्हणाल्या की असा रंग मी आयुष्यात पाहिला नाही. खरंच आहे, त्यांनी पाहिला नसणार. मी मात्र हा फोटो शेकडो वेळा पाहिला आहे. कॅलेंडरवर, दिवाळी अंकात, बँकेच्या डायरीत. याच कोनातून, याच ढगासकट. मी माझ्या ३ वर ठाम आहे. पण माझ्या ३ मध्ये आणि त्यांच्या ५ मध्ये फोटो किती होता आणि आम्ही कुठे वाढलो ते किती होतं, हे वेगळं काढता येत नाही. फोटो काढणारा होता इथलाच एक गोरा गृहस्थ, सहलीला गेलेला. मी तर मनात धरून चाललो होतो की कुणीतरी पुण्याचा असणार.

तर हा नाव न वाचण्याचा प्रकार. माणूस झाकून काम तपासायचं. आमच्या संशोधनाच्या शोधनिबंधांनाही हल्ली हाच नियम लावतात. याचा इतिहास शोधायला गेलो आणि फिरून फिरून सिअ‍ॅटललाच, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर येऊन पोचलो. पण ते क्रमाने सांगतो.

छायाचित्रणाच्या स्पर्धेत परीक्षक कोण असावा, हे भांडण जवळपास स्पर्धांइतकंच जुनं आहे. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ हे नाव फोटोवेड्यांना माहीत असतंच. हा न्यूयॉर्कचा मुलगा बर्लिनला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि फोग्ल नावाच्या प्राध्यापकाच्या फोटोरसायनशास्त्राच्या वर्गात जाऊन बसला तो तिथलाच झाला. (इंजिनिअरिंग सोडून भलतीकडेच गेलेल्यांची परंपरा केवढी जुनी आहे पाहा.) १८८७ मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकाच्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक होते पीटर हेन्री एमर्सन, स्वतः नावाजलेले छायाचित्रकार. एका परीक्षकाने कौल दिला आणि एक आयुष्य वळलं.

त्या काळात क्लबांच्या स्पर्धा म्हणजे पदकांचा बाजार. निसर्गदृश्याला एक, व्यक्तिचित्राला एक, मॅजिक लँटर्नच्या काचेला एक. लंडनमध्ये १८९३ पासून काही मंडळींनी वेगळं प्रदर्शन सुरू केलं. त्यात पदक नाही, निवड झाली आणि भिंतीवर लागलं हाच मान. हे अमेरिकेत आलं १८९८ मध्ये, फिलाडेल्फियाच्या सलोंत. सुमारे दीड हजार प्रिंट आल्या, भिंतीवर लागल्या अडीचशेच्या आसपास. निवडणारे पाच जण, त्यातले तिघे चित्रकार होते आणि दोघे छायाचित्रकार. फोटो ही कला आहे हे सिद्ध करायला चित्रकारांची सही लागत होती. पुढच्याच वर्षी पाचही परीक्षक छायाचित्रकार. त्यात गर्ट्रूड केझबिअर आणि फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन या दोन बायका होत्या, १८९९ मध्ये! आणि क्लॅरन्स व्हाइट. हा ओहायोतल्या एका किराणा घाऊक व्यापाऱ्याचा हिशेबनीस. पगारातून आठवड्याला दोन काचपट्ट्या परवडायच्या, म्हणून आठवडाभर मनात फोटो जुळवायचा आणि रविवारी दोनच काढायचा. आदल्या वर्षी त्याचे फोटो पहिल्यांदा त्या भिंतीवर लागले होते, या वर्षी तो इतरांचे निवडायला बसला.

पुढे व्हायचं तेच झालं. जुन्या सभासदांना वाटलं की ही टोळी आपापल्यांनाच निवडते. १९०१ मध्ये जुन्यांनी सूत्रं परत घेतली, तर स्टिग्लिट्झ आणि त्याच्या गोटाने बहिष्कार टाकला. तो शेवटचा फिलाडेल्फिया सलों. १९०२ मध्ये स्टिग्लिट्झने 'फोटो-सिसेशन' काढलं आणि न्यूयॉर्कला प्रदर्शन भरवलं. तिथे परीक्षक मंडळ वगैरे काही नाही, सगळे फोटो निवडणारा एकटा स्टिग्लिट्झ. आपल्याकडे मंडळ फुटून दुसरं मंडळ निघतं तसंच, फक्त मिशा जास्त. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या कॅमेरा क्लबने त्याला काढून टाकलं. मग परत घेतलं, आणि मग त्यानेच राजीनामा दिला. असो.

मला या भांडणापेक्षा महत्त्वाची वाटते ती मोजपट्टी. म्हणजे ही मंडळी चांगलं कशाला म्हणत होती? त्याचं उत्तर बऱ्याच अंशी आर्थर वेस्ली डाव या कलाशिक्षकाच्या १८९९ च्या 'काँपोझिशन' या पुस्तकात आहे. डावने ते शिकलं अर्नेस्ट फेनोलोसाकडून, जपानी चित्रांतून. फेनोलोसा तोक्योत शिकवून आलेला आणि नंतर बॉस्टनच्या संग्रहालयात जपानी चित्रं सांभाळणारा. चौकट उजेड-अंधाराच्या तुकड्यांत कशी वाटायची, रिकामी जागा कशी बोलकी करायची, हे डावने अमेरिकन वर्गांत शिकवलं आणि उजेड-अंधाराच्या या मांडणीला जपानी शब्दच ठेवला, 'नोतान'. केझबिअरवर त्याचा प्रभाव होता. क्लॅरन्स व्हाइटला त्यानेच १९०७ मध्ये न्यूयॉर्कला फोटोग्राफी शिकवायला नेलं. आणि व्हाइटचे शिष्य देशभर पसरले. थोडक्यात, १९२० च्या सुमारास अमेरिकन परीक्षक हातात जी पट्टी घेऊन बसत, तिच्यावरच्या बऱ्याच खुणा जपानी होत्या.

आता सिअ‍ॅटल.

१९१७ च्या सुमारास क्यो कोईके नावाचे जपानी डॉक्टर इथे आले. वय चाळिशीच्या जवळ. जपानी वस्तीत दवाखाना टाकला. (फोटोचा नाद लागलेले डॉक्टर म्हटले की मला आपले डॉ. नारायण दाजी आठवतात, भाऊ दाजी लाडांचे बंधू. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्या सुरुवातीच्या भारतीय मंडळींतले एक. त्या काळी रसायनं हाताळायची सवय डॉक्टरांनाच असायची, हेही एक कारण असावं.) कोईके सुट्टीला रेनिअर डोंगरावर जात, बर्फ, धुकं, झाडं यांचे फोटो काढत. १९२४ मध्ये त्यांनी आणि इतर जपानी मंडळींनी मिळून 'सिअ‍ॅटल कॅमेरा क्लब' काढला. सभासद जवळपास सगळे पहिल्या पिढीचे स्थलांतरित. फ्रँक कुनिशिगे एका स्टुडिओत नोकरीला होता आणि स्वतःचा फोटोकागद स्वतः तयार करायचा. इवाओ मात्सुशिता हा डॉक्टरांचा डोंगरातला सोबती. क्लबाचं मासिक पत्रक जपानी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघे. त्याचं नाव काय ठेवलं असेल? 'नोतान'.

क्लब जपान्यांपुरता बंद नव्हता. एला मॅकब्राइड ही त्यातली ठळक अमेरिकन सभासद. गिर्यारोहक, एडवर्ड कर्टिसच्या स्टुडिओत काम केलेली. कुनिशिगे नोकरीला होता तो स्टुडिओ हिचाच. साठीच्या घरात आल्यावर ती प्रदर्शनांसाठी फोटो काढायला लागली आणि पुढे १०२ वर्षं जगली!

त्या काळचे सलों टपालाने चालत. प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवायची, पाठीमागे नाव, पत्ता आणि शीर्षक लिहायचं, परतीच्या टपालखर्चासकट पाठवायची. पिट्सबर्ग, लंडन, पॅरिस, कुठेही. परीक्षकांपुढे प्रिंटची समोरची बाजू येई. निवड झाली तर तिथलं लेबल पाठीमागे चिकटून प्रिंट घरी येई आणि पुढच्या गावाला जाई. अमेरिकेत एक वार्षिक अंक निघे, त्यात कुणाच्या किती प्रिंट वर्षभरात जगभर भिंतीवर लागल्या याची यादीच असे. क्रिकेटच्या सरासरीसारखी. कोईके आणि मॅकब्राइड ही नावं त्या यादीत वरच्या भागात असत. सिअ‍ॅटलच्या जपानी वस्तीतला एक डॉक्टर त्या दशकात जगात सर्वांत जास्त प्रदर्शित होणाऱ्या हौशी छायाचित्रकारांपैकी एक होता.

प्रिंटची समोरची बाजू एवढी फिरत होती. पाठीमागच्या नावाचं काय चाललं होतं, तेही बघायला हवं.

१९२१ मध्ये वॉशिंग्टन राज्याने कायदा करून नागरिक होऊ न शकणाऱ्या परदेशी माणसांना जमीन घ्यायला बंदी केली. नागरिक कोण होऊ शकत नाही? त्याचा निकाल पुढच्याच वर्षी लागला. ताकाओ ओझावा वीस वर्षांहून जास्त अमेरिकेत राहिलेला, इथेच शिकलेला, घरात इंग्रजी बोलणारा. त्याने नागरिकत्वासाठी अर्ज केला. नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिलं की कायद्यातला 'गोरा' म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी माणूस कॉकेशियन नाही. तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड हा पंजाबी माणूस त्याच न्यायालयापुढे उभा होता. अमेरिकन सैन्यात नोकरी केलेला. त्याचं म्हणणं सरळ होतं. त्या काळच्या वंशशास्त्राप्रमाणे उत्तर हिंदुस्थानातले लोक कॉकेशियन, म्हणजे तुमच्याच पट्टीने मी गोरा. निकाल लिहिणारे पुन्हा सदरलँडच. आता त्यांनी लिहिलं की शास्त्र काय म्हणतं त्याला महत्त्व नाही, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा. अर्ज फेटाळला.

मी क्लबात असं केलं, पहिल्या फोटोला एक निकष आणि दुसऱ्याला तो मोडणारा दुसरा, तर कॉफीसुद्धा मिळणार नाही. (हे सदरलँडसाहेब स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले. म्हणजे तेही बाहेरून आलेलेच!)

थिंडच्या निकालानंतर ज्या हिंदी लोकांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, तेही काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली. थिंडचा वकील सखाराम गणेश पंडित लॉस एंजेलिसला वकिली करायचा, मुंबई इलाख्यातून आलेला. त्याच्यावरही खटला भरला. तो स्वतःचं नागरिकत्व वाचवण्यासाठी लढला आणि १९२७ मध्ये शेवटी जिंकला. बाकी बऱ्याच जणांना ते जमलं नाही. आणि १९२४ च्या मे महिन्यात नवा कायदा आला, ज्याने जपानमधून येणारे स्थलांतर जवळपास बंदच केलं. सिअ‍ॅटल कॅमेरा क्लब निघाला ते हेच वर्ष.

या दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या हे कळल्यावर मी बराच वेळ अस्वस्थ होतो. अमेरिकेने जपानी चित्र पाहून आपली मोजपट्टी बनवली. त्या पट्टीवर जपानी माणसाचा फोटो उतरला तेव्हा त्याला मानाने भिंतीवर लावला. आणि त्या माणसाला मात्र सांगितलं की तू कधीच आमचा होणार नाहीस. सलोंचे परीक्षक सगळे संत होते असं मला म्हणायचं नाही. धुक्यातला डोंगर आणि एकच फांदी पाहून काढणारा जपानी असणार हे त्यांच्या लक्षात येतच असेल, जसं मला जेजुरीवरून पुणेकर वाटला. काही समीक्षक 'हे फार जपानी वळणाचं' असं लिहीतही. पण तरी प्रिंट लागे. कोईके अमेरिकन मासिकांत जपानी कला आणि छायाचित्रण यांवर इंग्रजीतून लेख लिहीत, ते छापलेही जात.

माझ्यासारख्या ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या माणसाने यातून स्वतःची तुलना काढू नये, हे मला कळतं. आमची रांग लांब आहे, पण ती रांग आहे. त्यांच्यासाठी दारच नव्हतं.

क्लब १९२९ मध्ये बंद पडला. सभासद कमी होत गेले होते. सोइची सुनामी आधीच न्यूयॉर्कला गेला होता आणि पुढे कित्येक वर्षं तिथल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टसाठी कलाकृतींचे फोटो काढत राहिला. हिरोमु किरा लॉस एंजेलिसला गेला. तिथेही जपानी छायाचित्रकारांचं मोठं मंडळ होतं. कोईके दवाखाना, डोंगर आणि हायकू यांत राहिले.

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. त्याच दिवशी मात्सुशिताला एफबीआयने उचललं आणि मग माँटॅनातल्या छावणीत ठेवलं. महिनाअखेरीस हुकूम निघाला की पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी नागरिकांनी आपले शॉर्टवेव्ह रेडिओ आणि कॅमेरे पोलिसांकडे जमा करावेत. कॅमेरा हे हत्यार ठरलं. ज्यांच्या फोटोंना जगभर भिंती मिळाल्या होत्या ते लोक रांग लावून कॅमेरे देऊन आले. १९४२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरं सोडायला लावली. छावण्यांत गेलेल्यांची संख्या एकूण सुमारे १,२०,००० झाली. त्यातले बहुसंख्य इथेच जन्मलेले, म्हणजे जन्माने नागरिक. हातात नेता येईल तेवढंच न्यायचं. प्रिंटच्या पेट्या, निगेटिव्ह, अल्बम मागे राहिले. लॉस एंजेलिसच्या मंडळाचं कितीतरी काम तेव्हाच नाहीसं झालं. तिथला तोयो मियाताके लपवून एक भिंग घेऊन गेला आणि मँझनारच्या छावणीत लाकडाचा डबा जोडून त्याचा कॅमेरा केला. सिअ‍ॅटलच्या लोकांना आधी जवळच्या जत्रेच्या मैदानात आणि मग आयडाहोच्या माळावरच्या मिनिडोका छावणीत नेलं. कोईके आणि कुनिशिगे दोघेही तिथेच होते.

युद्ध संपल्यावर कोईके सिअ‍ॅटलला परतले आणि १९४७ मध्ये वारले. हिंदी लोकांना नागरिकत्वाची परवानगी १९४६ मध्ये मिळाली होती. जपान्यांना मिळाली १९५२ मध्ये. तीस वर्षं इथे डॉक्टरकी केलेला हा माणूस शेवटपर्यंत परदेशीच राहिला.

त्यांचे फोटो मात्र सापडतात, ते मात्सुशितामुळे. तो छावणीतून सुटून आला, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये जपानी शिकवू लागला आणि त्याने मित्राच्या प्रिंट सांभाळून त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिल्या. आधी कळवून गेलं तर तिथल्या वाचनकक्षात बसून बघता येतात. पेन नेऊ देत नाहीत, पेन्सिल चालते.